नवाबाची खुर्ची की सहारनपूरची?

लखनौच्या चौकातून थोडे पुढे गेले की नख्खासचा बाजार लागतो. रविवारी तर तेथे पाय ठेवायला जागा नसते. पक्ष्यांचे पिंजरे, जुने कपडे, पितळेची भांडी, बंद पडलेली घड्याळे... आणि त्या पसाऱ्यात कुठेतरी एक जडशीळ कोरीव खुर्ची. पाठीवर समोरासमोर दोन मासे, हातांवर वेलबुट्टी, पायांना सिंहाचे पंजे. दुकानदार अदबीने पुढे होतो. ‘हुजूर, नवाबी चीज़ है!’ एवढे शब्द कानावर पडताच इमामबाडा पाहून आलेले गिऱ्हाईक निम्मे विरघळलेले असते. उरलेले निम्मे खुर्चीवरची नक्षी विरघळवते.

फसगत होते ती इथेच. नक्षी पाहून खुर्ची कुठली याचा थोडाफार अंदाज बांधता येतो, पण तिचे वय नक्षीवरून सांगणे भल्याभल्यांना जमत नाही. कारण साधे आहे. हाताने लाकूड कोरण्याची कला आपल्याकडे कधी थांबलीच नाही. युरोपात यंत्रे आली आणि हातकाम मागे पडले, त्यामुळे तिथे हातकाम दिसले की जुनेपणाची निदान आशा तरी धरता येते. सहारनपूरच्या गल्ल्यांतून मात्र आजही पटाशी आणि हातोडीचा आवाज येतो. द्राक्षवेलीची पाने, आरपार जाळी, अधूनमधून पितळेची तार, असा तिथला थाट. अशी खुर्ची नवीन असताना ‘सहारनपुरी’ म्हणून विकली जाते. दोन पावसाळे अंगणात काढले आणि वर काळे पॉलिश चढले, की तिची ‘नवाबी’ व्हायला वेळ लागत नाही.

मग खरे नवाबी सामान गेले कुठे? १७७५ साली असफउद्दौलाने अवधची राजधानी फैजाबादहून लखनौला आणली. १८१९ मध्ये गाझीउद्दीन हैदर नवाबाचा ‘बादशहा’ झाला. त्याच्या दरबारी रॉबर्ट होम नावाचा इंग्रज चित्रकार होता. तो तसबिरी तर काढीच, शिवाय बादशहासाठी सिंहासने, खुर्च्या, हौदे, गाड्या यांचे आराखडेही करी. त्याची ही रेखाटने आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. बांधणी विलायती आणि अंगावर अवधचे मासे, असा तो मिश्र मामला होता. पुढे वाजिद अली शाहने कैसरबाग उभारली आणि दिवाणखाने सजवले. १८५६ मध्ये इंग्रजांनी राज्य खालसा केले. १८५८ च्या मार्चमध्ये इंग्रजी फौज कैसरबागेत शिरली, तेव्हा ‘टाइम्स’चा बातमीदार विल्यम हॉवर्ड रसेल तिथे हजर होता. आरसे फोडणारे आणि जरीच्या कापडातले सोने-चांदी मिळवण्यासाठी ते जाळणारे सैनिक त्याने पाहिले आणि लिहून ठेवले. महालातल्या सामानाची अशी वाताहत झाली. त्यातले काही नख्खासच्या फुटपाथवर तुमची वाट पाहत असेल, याची शक्यता फारच थोडी! (याच कैसरबागेतल्या परीखान्यात आज पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या नावाचे विद्यापीठ आहे. त्यांच्या खटपटीने १९२६ साली निघालेल्या मॅरिस कॉलेजचेच ते पुढचे रूप.)

आणि माशांचे काय? पहिला नवाब सआदत खान नदी ओलांडत असताना एक मासा उडी मारून त्याच्या मांडीवर पडला, अशी आख्यायिका आहे. तेव्हापासून मासा हे अवधचे शुभचिन्ह. लखनौच्या जुन्या दरवाज्यांवर तो जागोजागी दिसतो. पण आजच्या उत्तर प्रदेशच्या राजमुद्रेतही दोन मासे आहेतच. तेव्हा मासे पाहून खुर्ची लखनौकडची म्हणा हवे तर. नवाबाची म्हणू नका.

गाव सांगते ते लाकूड

गाव ओळखायला नक्षीपेक्षा लाकूड जास्त उपयोगी पडते. मराठीतला शिसव आणि उत्तरेतला शीशम यांत पुष्कळांचा गोंधळ होतो. झाडे एकाच कुळातली, पण निरनिराळी. शिसव जांभळट-काळसर, हाताला थंड आणि वजनाला भारी. शीशम सोनेरी-तपकिरी, अंगावर काळपट रेघा. अक्रोडाचे लाकूड म्हटले की काश्मीर आठवावे. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या फोर्टातील मेडोज स्ट्रीट, म्हणजे आजचा नगिनदास मास्टर रोड, शिसवी कोरीवकामासाठी प्रसिद्ध होता. पानाफुलांची जाळी, गोल मेजे, भरगच्च कोच असे ते काम जुन्या पारशी घरांतून अजून पाहायला मिळते. साहेब लोक बदली झाली की घरचे सामान लिलावात काढत. त्यामुळे लखनौत सापडलेला कोच लखनौचाच असेल असे नाही. तो मुंबईचाही असू शकतो.

खुर्ची उलटी करा

वयाचा पुरावा मात्र दर्शनी बाजूला नसतो. तो असतो खाली, मागे आणि खणाच्या तळाशी, जिथे कारागिराने पॉलिशवर पैसा घालवलेला नसतो. खुर्ची खुशाल उलटी करा. तळाशी प्लायवूड दिसले तर निदान तो भाग तरी विसाव्या शतकातला. फळीवर गोलाकार कमानीसारखे ओरखडे असतील तर ती चक्राकार करवतीवर, म्हणजे गिरणीत कापलेली आहे. सरळ, कमी-जास्त अंतराचे ओरखडे हातकरवतीचे. पण हातकरवत आपल्याकडे परवापरवापर्यंत चालू होती, म्हणून एवढ्यावर हुरळून जाऊ नये.

स्क्रू अधिक बोलका. टोकदार स्क्रू १८५० च्या सुमारास रूढ होऊ लागले. त्याआधीचे बोथट, आणि त्यांच्या माथ्यावरची खाच बहुधा मधोमध नसते. माथ्यावर फुली असलेला स्क्रू तर १९३० नंतरचा. मात्र स्क्रू बदललेलाही असू शकतो. शेजारी बुजवलेली जुनी भोके आहेत का, ते पाहावे.

एक युक्ती गृहिणींनाही सहज जमेल. गोल मेज असेल तर शिवणाची टेप घ्या आणि दोन दिशांनी माप काढा. लाकूड वर्षानुवर्षे आडवे आकसते, उभे जवळपास नाही. म्हणून अखंड लाकडाचे जुने ‘गोल’ मेज किंचित लंबगोल झालेले असते. दोन्ही मापे तंतोतंत जुळली तर दुकानदाराला पुन्हा एकदा वर्ष विचारा.

झीजही पाहावी, पण डोके वापरून. पाय टेकतो ती पुढची आडवी पट्टी, हात विसावतो ते टोक, खण ओढताना बोटे लागतात ती जागा, झीज इथे हवी. पाठीच्या वरच्या कोपऱ्यातले फूल झिजलेले आणि हातांच्या कडा मात्र धारदार, असे दिसले तर ती झीज पॉलिश कागदाची! किड्याने पोखरलेली भोकेही विकत मिळतात. ड्रिलने पाडलेली भोके एकसारखी आणि सरळ जातात. किडा असा शिस्तीत चालत नाही.

‘कार्बन चाचणी करून घ्या’ असा सल्ला कुणी दिला तर पैसे वाचवा. ती चाचणी झाड कधी वाढले ते सांगते, खुर्ची कधी कोरली ते नाही. शिवाय शे-दोनशे वर्षांच्या वस्तूला तिचा फारसा उपयोगच होत नाही.

घरातले कपाट

बाजारात खोटे खरे म्हणून खपते, तर घरात खरे जुने म्हणून मोडीत जाते. आजेसासूबाईंचे शिसवी कपाट दिवाळीच्या रंगकामात ऑइलपेंटने रंगते, किंवा सुतार ते तासून ‘नव्यासारखे’ करून देतो. तासले की वर्षांची साय जाते, आणि वस्तूची किंमतही. धूळ मऊ फडक्याने पुसावी. जुने पॉलिश बहुधा लाखेचे असते आणि स्पिरिटने सुटते, म्हणून स्पिरिट त्याच्याजवळ नेऊ नये. पितळी कड्या चिंचेने लखलखीत करण्याचा मोह आवरावा.

परदेशातल्या मुलाने ते कपाट मागितले तर आधी वय ठरवून घ्या. १९७२ च्या पुराणवस्तू कायद्याप्रमाणे शंभर किंवा अधिक वर्षांची पुराणवस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. वस्तू पुराणवस्तू नाही, असा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून मिळू शकतो.

दाखल्याआधी एक काम मात्र घरच्या घरी करता येते. कपाट कुणी घेतले, कुठल्या गावी, कुणाच्या लग्नात आले, हे घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला विचारावे, कागदावर लिहावे, खाली तारीख घालावी आणि तो कागद खणाच्या आतल्या बाजूला चिकटवून टाकावा.