द लेडीकिलर्स (१९५५ चित्रपट)

द लेडीकिलर्स हा १९५५ साली प्रदर्शित झालेला ब्रिटिश विनोदी चित्रपट आहे. ईलिंग स्टुडिओच्या या चित्रपटाचे दिग्दर्शन अलेक्झांडर मॅकेंड्रिक यांनी केले असून पटकथा विल्यम रोझ यांची आहे. अॅलेक गिनेस, केटी जॉन्सन, सेसिल पार्कर, हर्बर्ट लोम, पीटर सेलर्स आणि डॅनी ग्रीन यांच्या त्यात प्रमुख भूमिका आहेत.

कथानक

लंडनमधील किंग्ज क्रॉस स्थानकाजवळ, रेल्वेच्या बोगद्यावर उभ्या असलेल्या जुन्या घरात मिसेस विल्बरफोर्स ही वृद्ध विधवा राहते. प्रोफेसर मार्कस तिच्याकडे खोली भाड्याने घेतो. त्याचे चार साथीदार वादनाच्या सरावासाठी येत असल्याची बतावणी करतात. बंद दाराआड बोकेरिनीच्या संगीताची तबकडी वाजत राहते आणि दरोड्याचा बेत शिजतो. लुटीचे ६०,००० पौंड असलेली ट्रंक ही वृद्धाच नकळत घरी आणते. सत्य उमगल्यावर ती पैसे परत करण्याचा आग्रह धरते. तेव्हा तिला ठार मारण्याचे काम कोणी करायचे, हे काड्या ओढून ठरवले जाते. प्रत्यक्षात मात्र पाचही दरोडेखोरच एकामागून एक प्राणास मुकतात.

टिकाऊ आकर्षण

या चित्रपटातील पात्रे विनोद करत नाहीत. प्रत्येक जण आपले काम अत्यंत गांभीर्याने करतो आणि त्यातूनच हसू फुटते. बंदुकीला न बिचकणारे गुन्हेगार वृद्धेने दटावताच शाळकरी मुलांसारखे खाली मान घालतात. तिच्याकडे बळ नाही. पण योग्य-अयोग्याबद्दल तिच्या मनात तिळमात्र संशय नाही. प्रेक्षक हसतो तो या विषम सामन्याला.

पटकथेची बांधणीही तितकीच भक्कम आहे. आरंभी ही वृद्धा मैत्रिणीने सांगितलेल्या अंतराळयानाची हकिकत घेऊन पोलीस ठाण्यात जाते. अशा गोष्टी ऐकण्याची पोलिसांना सवय झालेली असते. त्यामुळे शेवटी ती दरोड्याची खरी हकिकत सांगते, तेव्हा तिच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. पैसे स्वतःजवळच ठेवा, असे तिला हसत सांगितले जाते. प्रामाणिकपणाला लाभलेले हे विपरीत बक्षीस चित्रपटाच्या विनोदाला बोचरी धार देते.

सन्मान

सत्तरी ओलांडलेल्या केटी जॉन्सन यांना या भूमिकेसाठी सर्वोत्कृष्ट ब्रिटिश अभिनेत्रीचा, तर रोझ यांना पटकथेचा बाफ्टा पुरस्कार मिळाला. पटकथेला ऑस्कर नामांकनही लाभले. २००४ साली कोएन बंधूंनी टॉम हँक्स यांना घेऊन या चित्रपटाची अमेरिकन आवृत्ती काढली.