सुटीचा हक्क आणि राहत्या घराचा हक्क

विश्रांती ही धनिकांची मिरास नव्हे, हे तत्त्व आज उघडपणे कोणी नाकारीत नाही. परंतु इंग्लंडसारख्या संपन्न देशातही ते कायद्याच्या पुस्तकात यावयास फार काळ लागला. सर जॉन लबक यांच्या खटपटीने १८७१ साली बँकांच्या सुट्यांचा कायदा झाला, आणि कामकऱ्यास आठवड्याची पगारी रजा मिळण्याचा मार्ग खुला करणारा कायदा व्हावयास १९३८ साल उजाडले. या कायद्यांची फळे कोठे दिसतात असे कोणी विचारील, तर आम्ही त्यास यॉर्कशरच्या उत्तर किनाऱ्याकडे बोट दाखवू.

या प्रांताची रचना मोठी मनोवेधक आहे. आत पाहावे तो कोसच्या कोस उघडे माळरान. कोकणातील सड्याची आठवण व्हावी असे, परंतु ऑगस्टात हेदरच्या झुडपांनी जांभळे होऊन जाणारे. ते माळरान समुद्राजवळ येऊन एकदम तुटते, आणि त्या कड्यांच्या खोबणीत स्टेथ्स, रॉबिन हूड्स बे यांसारखी कोळ्यांची गावे घरट्यांप्रमाणे बसलेली आहेत. मध्ये व्हिटबीचे बंदर. कॅप्टन कुक नौकानयन येथेच शिकला, व त्याचे ‘एंडेव्हर’ जहाज येथेच बांधले गेले. १८३६ साली येथे लोहमार्ग आला आणि पुढे किनाऱ्यालगत रूळ पडले, तेव्हा गिरणीकामगारालाही समुद्राची हवा परवडू लागली. तो किनाऱ्यालगतचा मार्ग १९५८ व १९६५ साली तुकड्यातुकड्यांनी बंद झाला, हे त्या देशाचे दुर्दैव होय.

माळरानावर पाऊल ठेवण्याचा अधिकारही लोकांस आयता मिळालेला नाही. आपल्याकडे दांडीच्या सत्याग्रहास दोन वर्षे होतात न होतात तोच, १९३२ साली डर्बीशरातील किंडर स्काउटच्या पठारावर कामकरी तरुण जमीनदारांची मनाई मोडून चढले, व त्यांतील काहींनी त्यासाठी तुरुंगवास पत्करला. पुढे १९४९ साली राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला आणि १९५२ साली यॉर्कशरच्या या माळरानास त्याचे संरक्षण मिळाले. आज तेथे कोणीही मोकळेपणाने हिंडावे, हा लोकांनी झगडून मिळविलेला विजय आहे.

परंतु या विजयाच्या पोटातच एक नवा अन्याय वाढत आहे. पाहुणा आठ दिवस खाणावळीत उतरून परत जात होता तोवर गावाचे भलेच झाले. पुढे शहरातील पैसेवाल्याने तेथे घरच विकत घेतले. तो वर्षातून चार आठवडे येतो. उरलेले दिवस दारास कुलूप, नाही तर आठवड्याच्या बोलीने भाडेकरू. स्टेथ्समधून विसाव्या शतकाच्या आरंभी ऐंशी मासेमारी नावा निघत. आज तो धंदा जेमतेम नावापुरता उरला आहे. त्यातच २०२१ च्या शरदात या किनाऱ्यावर मेलेल्या खेकड्यांचे व शेवंडांचे ढीग लागले, आणि तज्ज्ञांच्या समितीलाही त्याचे कारण निर्विवाद सिद्ध करता आले नाही. अशा वेळी कोळ्याच्या मुलाने घराच्या लिलावात लंडनच्या पैशाशी टक्कर कशी द्यावी? जून २०२२ मध्ये व्हिटबीच्या लोकांचे मत घेतले गेले. नवी घरे केवळ कायमच्या रहिवाशांसाठीच असावीत, असे मतदान करणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिकांनी सांगितले. पण ते मत कायद्याने कोणावर बंधनकारक नव्हते.

येथे कोणी व्यापारी म्हणेल की, पाहुण्याचा पैसा बंद झाला तर गावाने खावे काय? हा आक्षेप खोडसाळ नाही, म्हणून त्यास उत्तर दिले पाहिजे. गिऱ्हाईक तो, जो येतो. बारमाही कुलूप लावलेले घर ना दुकानातून पाव घेते, ना शाळेत मूल पाठविते. शाळा ओस पडली व दुकान बसले, म्हणजे ज्या गावासाठी पाहुणा आला ते गावच उरत नाही.

तथापि उपाय योजताना सावधगिरी हवी. कॉर्नवॉलमधील सेंट आइव्ह्ज येथे २०१६ साली लोकमताने नवी घरे दुसरे घर म्हणून घेण्यास मनाई झाली. परिणाम असा की, बाहेरचे गिऱ्हाईक जुन्या घरांकडे वळले आणि नवे बांधण्याचा उत्साह मंदावला. एक दार बंद करून दुसरे सताड उघडे ठेवले, तर चोर कोणत्या दाराने येईल हे सांगावयास वकील नको. २०२३ च्या कायद्याने दुसऱ्या घरावर दुप्पट घरपट्टी बसविण्याची मुभा मिळाली, व नॉर्थ यॉर्कशरने ती एप्रिल २०२५ पासून अमलातही आणली. हे पाऊल योग्यच. परंतु जे घर वर्षात १४० दिवस भाड्यासाठी खुले ठेवून ७० दिवस प्रत्यक्ष दिले जाते, ते व्यापारी मिळकतीत मोडते, आणि लहान धंद्यांच्या सवलतीमुळे पुष्कळदा त्यावर काहीच कर उरत नाही. ही पळवाट बुजल्यावाचून दुप्पट पट्टीचा धाक भोळ्यांसाठीच राहील.

आमचे मत स्पष्ट आहे. पट्टीचा पैसा गावातील रहिवाशांसाठी घरे बांधण्याकडेच लागावा, ती घरे सुटीच्या भाड्याने न देण्याची अट दस्तातच घालावी, आणि जुने घर सुटीच्या धंद्यास लावावयाचे तर त्यास स्थानिक संस्थेची परवानगी लागावी. इंग्लंडात स्थायिक झालेल्या आमच्या मराठी बांधवांनीही त्या बाजूस जाताना मुक्काम गावकऱ्याच्याच घरी करावा व मासळी धक्क्यावरच्या मासेमाराकडूनच घ्यावी. विश्रांतीचा हक्क आम्हास पूर्ण मान्य आहे. पण एकाची विश्रांती दुसऱ्याची चूल विझवून व्हावयाची असेल, तर त्या हक्कास मर्यादा घालणे हे राज्याचे कर्तव्यच होय.