बुलडोझरच्या आधी कागद येतो

धारावीच्या बृहत् आराखड्याला मे २०२५ मध्ये मंजुरी मिळाली आणि ‘विकास हवा की नको’ ही वाहिन्यांवरची जुनी पट्टी पुन्हा फिरू लागली. हा प्रश्नच लबाड आहे. गळक्या पत्र्याखाली वीस-वीस पावसाळे काढलेल्या माणसाला पक्कं घर नको असतं, असं ज्याला वाटतं तो सकाळी सार्वजनिक संडासाच्या रांगेत कधी उभा राहिलेला नाही. मोर्चे निघतात ते कागदांपायी. दारात जेसीबी उभा राहतो तोवर कागदावरची लढाई बहुतेक वेळा हरून झालेली असते.

झोपडपट्टी पुनर्वसनाची म्हणजे ‘झोपु’ योजना १९९५ च्या अफझलपूरकर समितीच्या शिफारशींतून आली. रहिवाशाला फुकट घर, विकासकाला वाढीव चटईक्षेत्र आणि सरकारच्या तिजोरीतून दमडी नाही, असा तिचा हिशेब. रहिवाशांच्या बाजूने यात एकच हत्यार होतं: ७० टक्के संमतीची अट. पुढे ती ५१ टक्क्यांवर आणली गेली. संमती न देणारे जे उरतात, त्यांच्यासाठी झोपडपट्टी कायद्याची ३३ आणि ३८ ही कलमं आहेत. त्यांच्या जोरावर घर रिकामं करून घेता येतं, तेही पोलीस बंदोबस्तात. खासगी धंद्यासाठी सरकारी दंडुका वापरायची अशी सोय दुसऱ्या कुठल्या व्यवसायाला मिळाली असेल, तर मला दाखवा.

हे सगळं एका जागी बघायचं तर खार-सांताक्रूझ पूर्वेचा गोळीबार परिसर बघावा. शंभराहून अधिक एकरांची ही वसाहत कायद्यातल्या ‘थ्री-के’ कलमाखाली एकाच विकासकाकडे गेली. निविदा नाही, स्पर्धा नाही. सरकारने झोपु प्राधिकरणाला निर्देश दिले की झालं. तिथल्या गणेश कृपा सोसायटीच्या रहिवाशांनी माहितीच्या अधिकारात स्वतःचीच संमतीपत्रं मागवली, आणि प्रकरण पेटलं. कित्येकांनी कधी न केलेल्या सह्या त्यावर होत्या, मेलेल्या माणसाच्या नावावरही सही होती, असा त्यांचा आरोप. मे २०११ मध्ये पाडकामाची पथकं आली तेव्हा बाया गल्लीच्या तोंडाशी बसून राहिल्या आणि मेधा पाटकर तिथेच उपोषणाला बसल्या. नऊ दिवसांनी, पृथ्वीराज चव्हाण सरकारने चौकशी समित्यांचं आश्वासन दिल्यावर, उपोषण सुटलं. समित्यांचं पुढे काय होतं, हे महाराष्ट्रातल्या वाचकाला सांगायला नको.

पाटकरांचं नाव आलं की नर्मदा आठवते, पण मुंबईतलं त्यांचं ‘घर बचाओ घर बनाओ आंदोलन’ २००४-०५ च्या हिवाळ्यातल्या पाडापाडीतून उभं राहिलं. विलासराव देशमुखांच्या सरकारने काही आठवड्यांत ८० हजारांहून अधिक झोपड्या जमीनदोस्त केल्या. त्याच वर्षी २००० पर्यंतच्या झोपड्यांना अभय देऊ, या आश्वासनावर निवडणूक लढवली गेली होती. मतदान आधी झालं, पाडकाम नंतर. क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे.

आता दुसरं चित्र. नोव्हेंबर २०१३, वरळीची कॅम्पा कोला वसाहत. परवानगी पाच मजल्यांची, त्यावर चढवलेल्या मजल्यांवरची ९६ घरं बेकायदा. रहिवाशांनी फाटक अडवलं, धक्काबुक्की झाली, कॅमेरे दिवसभर लागून राहिले. ती दृश्यं पाहून सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि पाडकामाला मुदतवाढ दिली. तिथले लोक बिल्डरच्या लबाडीचे बळी होते हे खरंच. त्यांना दिलासा मिळाला याचं वाईट वाटायचं कारण नाही. पण गोळीबारच्या गल्लीसमोर कॅमेरे असे दिवसभर का लागत नाहीत, हे वाहिन्यांनी स्वतःला विचारावं.

न्यायालयांवर भरवसा ठेवावा, तर तिथलाही अनुभव अर्धामुर्धा. १९८५ च्या ओल्गा टेलिस खटल्यात सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या घटनापीठाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला हे वाक्य पाठ असतं. त्याच निकालाने पावसाळा संपल्यावर झोपड्या हटवायला मुभा दिली, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यायमूर्ती भूषण गवई यांच्या खंडपीठाने पाडकामाआधी १५ दिवसांची नोटीस बंधनकारक केली तेव्हा देशभर टाळ्या पडल्या. पण रस्ता, पदपथ, रेल्वेमार्गालगतची जागा आणि जलाशय यांवरची बांधकामं त्यातून वगळली आहेत. मुंबईतले सगळ्यात गरीब लोक नेमके तिथेच राहतात.

त्यातल्या त्यात आशा वाटावी अशी घडामोड जुलै २०२४ ची. दोन दशकं रखडलेल्या एका योजनेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या झोपडपट्टी कायद्याचंच परीक्षण करायला मुंबई उच्च न्यायालयाला सांगितलं. या एका कायद्याखाली १,६०० हून अधिक खटले तुंबले होते.

आणि धारावी? तिथे संमतीची अटच नाही. सरकारी प्रकल्प म्हणून ती बाजूला ठेवली गेली. उरतो दुसरा कागद: पात्रतेचा. झोपु योजनांमध्ये ही यादी ‘परिशिष्ट-दोन’ म्हणून भिंतीवर लागते. झोपडीचा क्रमांक, नाव, पुरावे आणि शेवटच्या रकान्यात शेरा. मतदार यादीत ‘सुनंदा’ आणि वीजबिलावर ‘सुनिता’ असेल, तर त्या रकान्यात ‘अपात्र’ येतं आणि हयात अपिलात जाते. धारावीत १ जानेवारी २००० पूर्वीच्या तळमजलेवाल्यांना तिथेच ३५० चौरस फुटांचं घर मिळणार. त्यानंतर आलेल्यांना अडीच लाख भरून किंवा भाड्याने, पण धारावीबाहेर. वरच्या मजल्यावर, पोटमाळ्यावर राहणाऱ्यांचीही रवानगी बाहेरच. मार्च २०२४ मध्ये दारांवर क्रमांक टाकणं सुरू झालं, तेव्हा लोक बिथरले ते या हिशेबामुळे. कुंभारवाड्यातल्या माणसाचं घर, चाक, अंगणात वाळत घातलेली मडकी आणि भट्टी हा एकच संसार आहे. दहाव्या मजल्यावर भट्टी कुठे पेटवायची, याला ३५० चौरस फूट हे उत्तर होत नाही.

विरोधाच्या नावाखाली स्थानिक पुढारी आपले गाळे वाचवतात, असा आक्षेप असतो. काही ठिकाणी तो खराही आहे. त्यावर उपाय सोपा आहे आणि तो बिल्डरच्या एजंटाकडून होणार नाही. संमती सरकारी अधिकाऱ्याने दारात येऊन, ओळख पटवून, रहिवाशाला कळेल अशा भाषेत वाचून दाखवून घ्यावी. ७० टक्क्यांची अट परत आणावी, आणि ती धारावीलाही लागू करावी. ज्या प्रकल्पात पुनर्वसनाची इमारत उभी राहण्याआधी विक्रीचा टॉवर वर चढतो, त्याचं काम तिथल्या तिथे थांबवावं. एवढं केलं नाही तर उच्च न्यायालयातल्या परीक्षणाचा अहवालही समित्यांच्या त्याच कपाटात जाईल.