अपघाताचा डॉक्टर नेमका कोण?

२०२२ या एका वर्षात भारतातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं अपघातांत दगावली. हा आकडा केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचा. उंचावरून पडणं, भोसकाभोसकी यातले मृत्यू त्यात धरलेलेच नाहीत. अशा जखमींसाठी ‘ट्रॉमा सर्जरी आणि क्रिटिकल केअर’ ही वैद्यकाची स्वतंत्र शाखा आहे. तिच्याविषयी मात्र सुशिक्षित घरांतही भलतेसलते समज आढळतात.

गैरसमज : अपघात झाला की हाडांचा डॉक्टर गाठावा.

वस्तुस्थिती : मोडलेला पाय डोळ्यांना दिसतो, म्हणून नातेवाइकांचा धीर सुटतो. जीव जातो तो बहुधा न दिसणाऱ्या कारणांनी : डोक्याला मार, फुप्फुसाभोवती कोंडलेली हवा, पोटातल्या पोटात होणारा रक्तस्राव. प्रौढ माणसाच्या अंगात रक्त असतं साधारण पाच लिटर. यकृत किंवा प्लीहा फाटली, तर बाहेर एक थेंबही न सांडता त्यातलं निम्मं पोटात साठू शकतं. म्हणून तपासणीचा क्रम ठरलेला आहे. आधी श्वासमार्ग, मग श्वास, मग रक्ताभिसरण, त्यानंतर रुग्ण कितपत शुद्धीवर आहे ते आणि शेवटी कपडे कापून अंगभर पाहणी. कंबरेचं हाड मोडून रक्त वाहत असेल, तरी पहिली घाई रक्त थांबवण्याची असते, हाड जोडण्याची नव्हे.

गैरसमज : ‘एटीएलएस’चा (ॲडव्हान्स्ड ट्रॉमा लाइफ सपोर्ट) कोर्स केला की डॉक्टर ट्रॉमातज्ज्ञ झाला.

वस्तुस्थिती : वरचा क्रम जगभर रुजवला तो याच कोर्सने, आणि त्यामागे एक अस्थिरोगतज्ज्ञच होता. फेब्रुवारी १९७६ मध्ये डॉ. जेम्स स्टायनर चालवत असलेलं छोटं विमान अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात शेतात कोसळलं. पत्नी गेली आणि चार मुलांपैकी तिघं गंभीर जखमी झाली. जवळच्या ग्रामीण रुग्णालयातले उपचार पाहून स्टायनर हादरले. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये पहिला कोर्स घेतला. भारतात तो २००९ पासून चालतो.

पण हा कोर्स काही दिवसांचा. लहान गावातल्या डॉक्टरनेही पहिल्या तासात चुकू नये, एवढाच त्याचा उद्देश. पुढचं सगळं शिकायला वर्षं लागतात. दिल्लीच्या एम्समध्ये एमएस झालेल्या सर्जनसाठी या विषयातला तीन वर्षांचा एमसीएच अभ्यासक्रम आहे. अमेरिकेत जनरल सर्जरीच्या पाच वर्षांनंतर सर्जिकल क्रिटिकल केअरची एक वर्षाची फेलोशिप असते. तातडीच्या शस्त्रक्रियांचं प्रशिक्षणही जोडून घेतलं, तर ती दोन वर्षांची होते. थोडक्यात, फेलो हा शिकाऊ पोरगा नसतो. तो पूर्ण तयार झालेला सर्जन असतो.

गैरसमज : हाताला गुण असलेला सर्जन एकाच बैठकीत सगळं नीट करतो.

वस्तुस्थिती : फार रक्त गेलेल्या रुग्णाचं अंग गार पडतं, रक्तातलं आम्ल वाढतं आणि रक्त गोठेनासं होतं. अशा वेळी तीन तास आतडी शिवत बसणं म्हणजे रुग्ण टेबलावरच गमावणं. म्हणून सर्जन फुटलेली रक्तवाहिनी बांधतो, यकृताभोवती मॉप घट्ट दाबून बसवतो, फाटलेल्या आतड्याची टोकं नुसती बंद करतो आणि पोट तात्पुरतं झाकून रुग्णाला अतिदक्षता विभागात पाठवतो. तिथे अंगात ऊब आली, रक्त गोठू लागलं, की दीड-दोन दिवसांनी उरलेलं काम. या पद्धतीला ‘डॅमेज कंट्रोल’ म्हणतात. पेनसिल्व्हेनियातल्या रोटोंडो, श्वाब आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये तिचे निष्कर्ष छापले. मोठी रक्तवाहिनी आणि किमान दोन अवयव फाटलेल्या रुग्णांत, या पद्धतीने १३ पैकी १० वाचले होते. एकाच बैठकीत सगळं उरकलेल्या नऊ जणांपैकी एकच वाचला होता. कुठे थांबायचं हा निर्णय पुस्तक वाचून येत नाही. तो अनुभवी शिक्षकाच्या शेजारी उभं राहून, रात्रीमागून रात्री शिकावा लागतो.

गैरसमज : सर्जनने कापावं, सलाईन, व्हेंटिलेटर हे इतरांनी पाहावं.

वस्तुस्थिती : या प्रशिक्षणाचा मोठा भाग अतिदक्षता विभागातच जातो. रक्तदाब स्थिर असेल, तर फाटलेल्या प्लीहेवर आज पुष्कळदा शस्त्रक्रिया होतच नाही. सीटी स्कॅन आणि डोळ्यांत तेल घालून पाळत, एवढ्यावर भागतं. रक्तस्रावात बाटल्यांमागून बाटल्या सलाईन चढवलं, तर रक्त पातळ होऊन गोठण्याची शक्ती आणखी घटते. म्हणून आता भर असतो तो रक्त, प्लाझ्मा आणि प्लेटलेट वेळेत देण्यावर. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड या स्वस्त औषधाचा ४० देशांतल्या २०,२११ जखमींवरचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात औषधाने मृत्यू घटले, मात्र तीन तासांच्या आत दिलं तरच. उशिरा दिलं, तर रक्तस्रावाने मरण्याचा धोका उलट वाढलेला दिसला.

गैरसमज : फलक लागला की ट्रॉमा सेंटर झालं.

वस्तुस्थिती : अमेरिकेत पहिल्या श्रेणीच्या केंद्रात अत्यवस्थ जखमी आल्यापासून पंधरा मिनिटांत सर्जन त्याच्याजवळ हजर असावा, असा दंडक आहे. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका धावते. पण ती जखमीला जिथे पोहोचवते तिथे सर्जन, भूलतज्ज्ञ आणि रक्तपेढी जागी नसेल, तर धावपळ वाया जाते. आपल्या जिल्ह्यातल्या ट्रॉमा सेंटरमध्ये रात्री दोन वाजता प्रत्यक्ष कोण हजर असतं, हे नागरिकांनी आणि लोकप्रतिनिधींनी एकदा तरी जाऊन विचारावं.