'रक्तातली कला' आणि न नोंदलेली तालीम

रेवदंड्याचा एक विद्यार्थी आमच्या महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात ढोलकी वाजवतो. यंदा त्याचे वादन संपल्यावर शेजारी बसलेले एक सुशिक्षित गृहस्थ कौतुकाने म्हणाले, "यांच्या रक्तातच असतं हे!" मी नंतर त्या मुलाला विचारले. तो म्हणाला, "सर, रक्तात कसलं? सात वर्षं चुलत्यानं रोज बसवलं. हात चुकला की छडी."

त्या गृहस्थांचा हेतू वाईट नव्हता. पण या एका वाक्याने त्या मुलाची सात वर्षे पुसली गेली. नटाच्या घडणीविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते, त्यातही हेच घडते.

बालगंधर्वांचे उदाहरण घ्या. १८८८ साली जन्मलेले नारायण राजहंस १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत आले. अभिनय त्यांना गोविंद बल्लाळ देवलांनी शिकवला, गाणे भास्करबुवा बखल्यांनी. दैवी देणगीचे गोडवे गायले गेले, तरी गुरूंची नावे, तालमी, त्यांतली शिस्त हे सारे चरित्रांत नोंदलेले आहे. ते योग्यच आहे.

आता विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. जन्म १९३५, पंढरपूर. आजोबांनी उभा केलेला फड वडील भाऊ आणि चुलते बापू चालवीत. फडाच्या नावातच जात लिहिलेली! १९५७ आणि १९९० साली त्यांना राष्ट्रपतींकडून गौरव लाभला. २००२ साली त्या वारल्या. त्यांच्याविषयी आपल्याला काय ठाऊक असते? कनातीमागे बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या. ही कथा सर्वतोमुखी आहे. पण पहिले पाऊल त्यांना कोणी टाकायला लावले, आवाज कोणी कमावून घेतला, हे विचारणारे थोडे. 'उपजतच' म्हटले की प्रश्न मिटतो.

वस्तुतः फड ही कडक शाळा आहे. फडातले पोर आधी मागच्या रांगेत उभे राहते. हातात टाळ किंवा तुणतुणे येते. सुरत्यांबरोबर झील धरताना सूर आणि लय अंगात मुरते. मग गवळणीत लहानसे काम मिळते. पुढे बतावणी. तिथे समोरच्याचे वाक्य खाली पडू द्यायचे नाही, हा धडा. शेवटी वग. पारंपरिक वगाची संहिता लिहिलेली नसे. कथानक सांगितले जाई आणि संवाद नटाने उभ्या उभ्या रचायचे. पाठांतर नाही, म्हणून सोपे? उलट पात्राचा स्वभाव, प्रेक्षकांचा कल आणि सोबत्याची चाल एकाच वेळी ओळखायची! परीक्षा रोज रात्री, उघड्या मैदानावर, आणि निकाल तिथल्या तिथे.

या शाळेची किंमत मात्र पोरांनी मोजली. फड दसऱ्याला बाहेर पडतो आणि वैशाखापर्यंत फिरतो. सरकारी शाळेचे वर्षही नेमके याच महिन्यांत जाते. एक विद्या मिळवताना दुसरी सुटली. १९५९ साली दिल्लीत राष्ट्रीय नाट्य विद्यालय उभे राहिले. तिथल्या शिक्षणाला प्रमाणपत्र आहे. फडातल्या शिक्षणाला ना प्रमाणपत्र, ना गुरूच्या नावाची नोंद.

'रक्तातली कला' हे म्हणूनच निरुपद्रवी कौतुक नव्हे. कला रक्तातली ठरली की तिला श्रम लागत नाहीत. श्रम नाहीत म्हणून मोल नाही. आणि जे रक्तात आहे ते सोडता येत नाही. म्हणजे फडातल्या मुलीने नाचलेच पाहिजे. जन्मावरून काम ठरवणारी व्यवस्था याहून वेगळे काय सांगते?

आंबेडकरी जलशांनी याचे उत्तर दिले होते. भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तमाशाचा बाज घेतला, पण गणगवळणीच्या जागी समाजप्रबोधन आणले. वारशाने आलेली विद्या त्यांनी जाणीवपूर्वक निवडली आणि बदलली. रक्त बदलता येत नाही. विद्या बदलता येते.

विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना म्हणून एक काम सुचवतो. आपल्या गावातल्या वादकाकडे, वगात काम केलेल्या म्हाताऱ्याकडे वही घेऊन जा. तुम्ही किती मोठे कलावंत, हे विचारू नका. कोणी शिकवले, किती वर्षे, काय चुकले की मार बसे, हे विचारा. आमच्या त्या विद्यार्थ्याच्या वहीत पहिले नाव त्याच्या चुलत्याचे आहे.