डॉक्टर नाही, तर वकील

स्पॅनिशमधल्या ‘आउन्के’वर, म्हणजे आपल्या ‘जरी-तरी’वर, लिहायचं कबूल केलं होतं, पण ते या आठवड्यात होणार नाही. मागच्या लेखातल्या ‘पेरो’वरून, म्हणजे ‘पण’वरून, नाशिकच्या एका वाचकांचं पत्र आलं आहे आणि त्यातला प्रश्न ओलांडून पुढं जाववत नाही. ते विचारतात, ‘वाक्यात “नो” आलं की पुढं “पेरो” चालत नाही, “सीनो”च हवं, असं आम्हाला शिकवलं. हे खरं का?’

खरं नाही. हा नियम पाठ करणारा निम्म्या वेळा फसेल.

मी एर्मानो नो एस मेदिको, सीनो आबोगादो. माझा भाऊ डॉक्टर नाही, तर वकील आहे. आता हे पाहा : मी एर्मानो नो एस मेदिको, पेरो साबे मूचो दे मेदिसीना. माझा भाऊ डॉक्टर नाही, पण त्याला वैद्यकातलं पुष्कळ कळतं. ‘नो’ दोन्हीकडे आहे. ‘सीनो’ आधीचं खोडतं आणि त्याच जागी दुसरं बसवतं. ‘पेरो’ काहीच खोडत नाही. भाऊ डॉक्टर नाही ही गोष्ट तशीच राहते. ‘म्हणजे त्याला यातलं काही कळत नसणार’ हा ऐकणाऱ्याच्या मनातला अंदाज तेवढा ते अडवतं.

आणि हा भेद मराठी माणसाला शिकवायची गरजच नाही! ‘पण’ आणि ‘तर’ आपण लहानपणापासून अचूक वापरतो. घोटाळा होतो तो आपण स्पॅनिश इंग्रजीतून शिकतो म्हणून. तिथं दोन्ही ठिकाणी एकच ‘बट’. माझं आग्रहाचं सांगणं आहे, वाक्य आधी मराठीत म्हणून पाहा. ‘तर’ आलं की सीनो, ‘पण’ आलं की पेरो. ‘केवळ हुशार नव्हे, तर कष्टाळूही’ हे तर शब्दाला शब्द लावून उतरतं : नो सोलो इन्तेलिखेन्ते, सीनो ताम्बिएन त्राबाखादोर. फक्त पुढच्या भागात काळ-पुरुषाप्रमाणे चालवलेलं क्रियापद असेल, तर ‘सीनो’ला ‘के’ जोडायचा : नो कोम्प्रो ला कासा, सीनो के ला आल्कीलो. घर विकत घेतलं नाही, तर भाड्यानं घेतलं.

एका जागी मात्र आपला ‘तर’ उपयोगी पडत नाही. नो कोमे सीनो फ्रूता, म्हणजे तो फळांशिवाय काही खात नाही. इथं ‘सीनो’चा अर्थ ‘शिवाय’.

आता माझी आवडती जागा. ‘सी’ म्हणजे जर, ‘नो’ म्हणजे नाही. हे दोन सुटे लिहिले की अर्थ ‘नाहीतर’ : लवकर आवर, सी नो, गाडी चुकेल. जोडून लिहिले की खोडून बसवणारा ‘सीनो’. मराठीत नेमकं उलट! आपण ‘नाहीतर’ जोडून लिहितो आणि ‘डॉक्टर नाही, तर वकील’ यात तेच दोन शब्द सुटे ठेवतो. कानालाही फरक कळतो : सुट्या जोडीत ‘नो’वर जोर येतो, जोडशब्दात कुठंच येत नाही.

जोर ‘सी’वर पडला, तर तो तिसराच शब्द, ‘सीनो’ म्हणजे नियती. रीवासच्या ड्यूकचं 1835 मध्ये माद्रिदला रंगमंचावर आलेलं नाटक आहे, ‘दोन आल्वारो ओ ला फुएर्सा देल सीनो’. आपल्या जुन्या नाटकांसारखं ‘अथवा’नं जोडलेलं दुहेरी नाव : दोन आल्वारो अथवा नियतीचं बळ. नायक शरण जाण्यासाठी पिस्तूल फेकून देतो, ते पडताना उडतं आणि प्रेयसीचे वडील मरतात. तिथून पुढं त्याची सुटका नाही. व्हेर्दीनं यावरच ऑपेरा रचला, तो 1862 मध्ये सेंट पीटर्सबर्गला झाला. नावातला ‘ओ’ उभयान्वयी आहे, ‘सीनो’ नाही.

‘आउन्के’ पुढच्या आठवड्यात नक्की. तोवर ‘पाऊस पडतोय तरी मी जाणार’ आणि ‘पाऊस पडला तरी मी जाणार’ ही दोन वाक्यं शेजारी लिहून ठेवा आणि पाऊस खरोखर कुठल्या वाक्यात पडतो आहे, ते पाहा.