कानाला दडे बसतात तेव्हा

आवाज पाण्याखालून आल्यासारखा वाटू लागला, की मळाकडे बोट दाखविले जाते आणि कानात कोमट तेल सोडले जाते. पुष्कळदा दोष मळाचा असतोही. न्हाताना पाणी शिरले की तो फुगतो आणि वाट बुजते. पडशात पडद्यामागील पोकळीत द्रव साचूनही तसेच होते. परंतु आंतरकर्णातील नाजूक केशपेशी दुखावल्या, तरी रोग्याला जाणवतो तो हाच दडा.

हा भेद ओळखण्यासाठी वैद्य कंप पावणारा नादकाटा कपाळाच्या मध्यावर टेकवितात. वाट बुजली असेल, तर नाद दडा बसलेल्या कानातच मोठा ऐकू येतो, ही गोष्ट प्रथमदर्शनी विपरीत वाटते खरी. आंतरकर्ण बिघडला असेल, तर तो चांगल्या कानात ऐकू येतो. जर्मन शास्त्रज्ञ एर्न्स्ट वेबर यांनी १८३४ मध्ये या परिणामाचे वर्णन केले. ओठ मिटून गुणगुणल्यानेही फरक थोडाफार कळतो. मात्र केवळ त्यावर विसंबू नये.

एक कान अचानक, वेदनेवाचून, दोन-तीन दिवसांत मंदावला, तर तेलाचे प्रयोग करीत बसणे महागात पडते. अशा वेळी त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांना गाठावे; स्टेरॉइडचे उपचार पहिल्या दोन आठवड्यांच्या आत सुरू झाले, तर श्रवणशक्ती परत येण्याची आशा अधिक असते.